उंचीला भिणारा पाळणा

मी पाळणा आहे, आणि आता चांगलाच जुना झालो आहे. पाळणा म्हटल्यावर तुमच्यातल्या काहींना बाळाचा आठवेल, काहींना जत्रेतला. मित्रांनो, मी आधी जत्रेतला होतो आणि मग बाळाचा झालो. हे कसं घडलं ते सांगतो. पण एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी, म्हणजे मधेच हसू येणार नाही. मला उंचीची भीती वाटते.

पाबळच्या एका सुताराने मला कडुनिंबाच्या फळ्यांतून घडवलं. आम्ही चार भाऊ. चौघांना बाभळीच्या मोठ्या रहाटाला टांगलं आणि शिरूर-दौंडकडच्या जत्रांतून फिरवायला सुरुवात झाली. आमचे मालक हौसराव आणि त्यांचे भाऊ जयसिंग दोन बाजूंना उभे राहून हातांनी रहाट ओढत. पोरं आनंदाने किंचाळत, बाया तोंडात पदर धरत. माझे भाऊ ऐटीत वर जात. मी मात्र वर पोचलो की कुरकुरायचो. खालची रेवड्यांची दुकानं एवढीशी दिसत आणि माझ्या खिळ्याखिळ्याला कापरं भरे. हौसरावांना वाटे, कडी सुकली. खाली आलो की ते तिच्यावर एरंडेल ओतत. काय होतंय हे न विचारता तुम्हालाही कुणी एरंडेल पाजलं असेल, तर माझं दुःख तुम्हाला कळेल.

तिकडे केंदूरला साखरबाई राहायची. ही बाई भित्रेपणात माझी सख्खी बहीण शोभली असती. तसं पाहिलं तर विंचू चपलेने मारायची, माजलेल्या बैलाला दटावायची. पण शिडी दिसली की ती चार पावलं मागे सरायची. सगळं गाव शिडीने घराच्या माळवदावर चढून कुरडया वाळत घाली. साखरबाई मात्र अंगणात घाली आणि दिवसभर कावळ्यांशी भांडे.

तिची सून ललिता. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी घरात मूल नव्हतं. शेजारची भामाबाई देवीच्या जत्रेला निघाली, तेव्हा साखरबाई तापाने अंथरुणात होती. "माज्या वतीनं नवस बोल गं," तिने सांगितलं. भामाबाई परत आली ती दारातूनच म्हणाली, "बोलले गं बाई, पाळण्याचा नवस बोलले!" आणि लगेच दौंडला लेकाकडे राहायला निघून गेली.

पाळणा म्हटल्यावर साखरबाईच्या डोळ्यांपुढे जत्रेतला रहाटपाळणाच उभा राहिला. तिला दरदरून घाम फुटला. घरच्यांना वाटलं, ताप उतरला.

मोठा दुष्काळ पडला, त्याच्या आदल्या वर्षी ललिताला मुलगी झाली. तिचं नाव सिंधू. साखरबाईचा आनंद घरात मावेना, पण मधेच तिला नवस आठवे. नवस फेडायचा तर पाळण्यात बसायला हवं. नाही फेडला आणि देवी रागावली, तर पोरीचं काय होईल? या एका विचाराने तिची झोप उडाली होती.

त्या वर्षीच्या देवीच्या जत्रेत आमच्या शेजारी इंजिनावर फिरणारा, दिव्यांनी लखलखणारा लोखंडी पाळणा आला होता. सगळी गर्दी तिकडे. "एवढी जत्रा झाली की ह्यास्नी वखारीत घालू," हौसराव जयसिंगला म्हणाले. वखारीत म्हणजे सरपणात.

तेवढ्यात साखरबाई आली. मागे सिंधूला कडेवर घेतलेली ललिता.

"आत्या, त्यो लोखंडी नवा हाय," ललिता म्हणाली.

"नगं. इंजानाला थांब म्हणलं तर त्याला ऐकू येतंय व्हय? हितं माणसं हायती." मग ती हौसरावांना म्हणाली, "मी थांबवा म्हणलं की थांबवायचं, बरं का."

"व्हय मावशी, तवाच थांबवतो."

तिने नातीचा मुका घेतला, देवळाकडे तोंड करून हात जोडले आणि नेमकी माझ्यात येऊन बसली. डोळे गच्च मिटलेले. रहाट फिरला. आम्ही अगदी टोकाला पोचलो आणि ती ओरडली, "थांबवा!"

हौसराव शब्दाचे पक्के. त्यांनी तिथेच थांबवलं.

"अवो, हितं न्हाई! खाली थांबवा!"

"खाली आणायला फिरवावा लागंल, मावशी!"

"फिरवू नगा!"

लोखंडी पाळण्याची गर्दी आमच्याभोवती जमली. लोक पोट धरून हसत होते. मला मात्र हसू येईना. इतका वेळ मी वर कधीच राहिलो नव्हतो. मी जन्मात कुरकुरलो नसेन एवढा कुरकुरलो. साखरबाईने एक डोळा किलकिला केला.

"तू बी भितोस व्हय रं?" तिने माझ्या काठावर तळवा ठेवला. "भिऊ नगंस. मी हाय न्हवं."

मित्रांनो, इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. माझी कुरकुर थांबली. खाली ललिता सिंधूला उंच धरून उभी होती. साखरबाईने दोन्ही डोळे उघडून नातीकडे पाहिलं आणि हाक दिली, "फिरवा आता. सावकाश."

ती खाली उतरते न उतरते तोच गर्दीतून भामाबाई पुढे आली. दौंडहून जत्रेसाठीच आली होती ती. "अगं साखरे, वीतभर लाकडी पाळणा देवीला वाहायचा असतोय! तू कशापायी वर चढलीस?"

"मंग दारातनंच पळालीस कशाला? आत येऊन नीट सांगायला काय झालं हुतं?" साखरबाई कडाडली. मग तिलाच हसू फुटलं. हसता हसता ती रडली.

हौसराव म्हणाले, "मावशी, वखारीत जाण्यापरीस ह्यातला एक घेऊन जावा. देवीचा बी हुईल, पोरीचा बी हुईल."

तिने लगेच माझ्याकडे बोट केलं. "ह्यो द्या. ह्यो माज्यासारखाच हाय."

माझे तिघे भाऊ वखारीत गेले. त्यांची आठवण आली की अजून गलबलतं. सुताराने माझ्या पाठीच्या फळीचा चिमुकला पाळणा केला, तो देवीच्या मंडपात छताला टांगला आहे. म्हणजे त्याची सुटका नाहीच. मी उरलो तो केंदूरच्या घरात, जमिनीपासून हातभर उंचीवर. काय सुख होतं ते! माझ्यात सिंधू झोपली, मग तिचे धाकटे भाऊ झोपले. मी कुरकुरलो की ललिता तेलाची बुधली आणायला उठे. साखरबाई म्हणे, "त्याल नगं. हात ठेव."

धाकटं पोरही चालू लागलं आणि मला माळ्यावर टाकलं. पुन्हा उंचावर! सोबतीला फाटकी पोती आणि मोडकी चाळण. धुळीचं मला फारसं वाईट वाटलं नाही. हात मिळेना, याचं वाटलं.

परवाच्या उन्हाळ्यात घरचे सगळे कांदा काढायला गेले होते. सिंधू चिंचांसाठी शिडीवरून माळ्यावर चढली. चिंचा मिळाल्या. मग तिने खाली पाहिलं. शेवटी नात कुणाची! ती मटकन माझ्यात बसली आणि रडू लागली. मीही कुरकुरू लागलो.

"आज्जे! मला उतरता येईना!"

"सावकाश पाय टाक, बाळा," खालून साखरबाई म्हणाली.

"न्हाई! मी पडंन!"

साखरबाईने गल्लीत जाऊन हाका मारल्या. कुणीच नव्हतं. मग तिची पावलं शिडीपर्यंत आली, मागे गेली, पुन्हा आली. आणि मग शिडीची पायरी करकरली. थोड्या वेळाने आणखी एक. या वेळी कुठला नवस नव्हता. माळ्याच्या कडेशी पांढरं डोकं वर आलं, डोळे गच्च मिटलेलं.

"सिंधे, हात दे."

एका हाताने तिने नातीला धरलं. दुसरा हात चाचपत माझ्या काठावर आला आणि तिथेच थांबला.

"आन् तू बी गप रं. सांच्याला तुला बी खाली काढायला लावते."

पायरी पायरी करत दोघी खाली उतरल्या आणि तिने शब्द पाळला. आता मी पडवीत जमिनीवर आहे. माझ्यात कांदे भरले आहेत, त्यांचा वास येतो, पण माझी काही तक्रार नाही. मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, हे तुम्हाला सगळेच सांगतील. माझं मागणं थोडं वेगळं आहे. कुणी कुरकुर करत असेल, मग तो पाळणा असो की तुमची धाकटी बहीण, तर एरंडेल आणायला धावू नका. आधी हात ठेवून बघा. कदाचित ते नुसतं भीत असेल.