हाराआधी तेल

मित्रांनो, मी एक जुनी पट्टी आहे. लांबीला वीतभर, रुंदीला दोन बोटे, आणि आता पाच तुकड्यांत मोडलेली. मोटारीच्या इंजिनात टायमिंग चेन नावाची एक साखळी असते. ती खालच्या चाकाला वरच्या चाकांशी बांधून ठेवते, म्हणून इंजिनाचा प्रत्येक भाग आपापल्या वेळेला हलतो. ती साखळी भरधाव धावताना फडफडू नये म्हणून तिच्या अंगाला अंग लावून जी उभी असते, तिला गाइड म्हणतात. ती मी. साखळी धावते आणि मी घासली जाते. या कामात कौतुक नसते, हे आधीच सांगून ठेवते. कौतुकाच्या गोष्टी ऐकायच्या असतील, तर गाडीच्या हॉर्नकडे जा.

एका कारखान्यातल्या तापलेल्या साच्यातून मी निघाले. लगेच मला एका चंदेरी मोटारीच्या पोटात बसवले, वर लोखंडी झाकण लावले, आणि त्यानंतर चौदा वर्षे मी उजेड पाहिला नाही. कोणी मला पाहावे अशी माझी अपेक्षाही नव्हती. अपेक्षा एकच होती : स्वच्छ तेल. साखळी आणि मी यांच्यामध्ये तेलाचा पातळ पदर असेल, तर आम्ही दोघी वर्षानुवर्षे सुखाने नांदतो. तो पदर गेला की एकमेकींना खातो.

ती मोटार घेतली शालिग्रामरावांनी. ते मूळचे वर्ध्याकडचे. सिलतऱ्याच्या एका पोलाद कारखान्यात फोरमन होते. रायपुरात तेलीबांध्याला त्यांचे घर. त्या घराचा एक नियम होता आणि तो मोडण्याची कोणाची छाती नव्हती. वर्षातून दोनदा, पाडव्याला आणि खंडेनवमीला, शालिग्रामराव पहाटे गाडीखाली शिरत. जुने तेल काढत, फिल्टर बदलत, नवे तेल भरत. मग साबणाने कोपरापर्यंत हात धूत, आणि त्यानंतरच त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाई तबक घेऊन बाहेर येत. बॉनेटला हळदकुंकू, पान्यांना हळदकुंकू, पुढे झेंडूचा हार.

"जुनं तेल पोटात ठेवून हार घातला, तर तो हार नाही, सोंग आहे," असे ते दरवर्षी म्हणत.

त्या दिवसांत मी गुळगुळीत होते. इंजिन सुरू झाले तरी शेजारच्याला कळत नसे.

सात वर्षांनी शालिग्रामराव वारले. गाडीची कागदपत्रे बदलायची वेळ आली तेव्हा मंदाकिनीबाईंनी मुलाला, शेखरला, सांगितले, "तुझ्याच नावानं करून टाक. मी कुठं त्या आरटीओत खेटे घालू?" एवढी सरळ गोष्ट त्यांना तेव्हा सोपी वाटली. पुढे ती किती अवघड जाणार होती, हे मलाही ठाऊक नव्हते.

बाई पन्नाशीनंतर गाडी शिकल्या होत्या. आता त्या तिच्यावरच पोट चालवू लागल्या. पंडरीच्या बाजारातून कापडाचे तागे आणायचे, घरी तीन बायकांना हाताशी घेऊन शाळांचे गणवेश शिवायचे, आणि शाळाशाळांत स्वतः पोहोचवायचे. कोणाला विचारायचे नाही, कोणाची वाट पाहायची नाही. त्या घरात त्यांचे स्वतःचे असे जे काही उरले होते, ते त्या चंदेरी मोटारीतच होते.

खंडेनवमी दरवर्षी येत राहिली. शेखर हार आणी, बाई तबक आणत, फोटो काढले जात. हार तर दरवर्षी अधिकच मोठा होत गेला. गाडीखाली मात्र कोणी शिरले नाही. तेल कमी झाले की शेखर वरून थोडे ओती आणि काम झाले असे समजे. तुम्ही म्हणाल, बाईंना कळले नाही का? नाही कळले. सात वर्षे त्यांनीच तबक धरले होते. पूजा झाली म्हणजे सगळे झाले, असे त्याही धरून चालल्या. मी त्यांचा मान राखते, पण त्यांची चूक झाकणार नाही.

आत तेल काळे झाले, मग घट्ट झाले. साखळीला ताणून धरणारा टेन्शनर त्या चिखलात आळसावला. ढिली साखळी मला रोज सकाळी चाबकासारखी झोडपू लागली. मी कडक झाले, तडकले आणि एके दिवशी मोडले. तेव्हापासून थंड इंजिन सुरू केले की सगळ्या गल्लीला ऐकू जाई अशी खडखड होऊ लागली.

शेखरला हेच हवे होते. त्याला नवी गाडी घ्यायची होती आणि पोर्चमध्ये जागा एकाच गाडीची.

"आई, ये गाड़ी अब गई. निकाल देते हैं," तो म्हणाला. "तुझ्यासाठी ऑटोवाला लावून देतो ना महिन्याचा."

"मले ऑटो नाही पायजे."

"अगं, आवाज ऐक तिचा! लोक हसून राहिले."

"आवाज बंद झाला तर?"

शेखर मोबाइलवरून मान वर न करता म्हणाला, "आवाज बंद कर, मग बघू."

'मग बघू' म्हणजे होकार, असे बाईंनी धरले. मित्रांनो, मोठी माणसे 'मग बघू' म्हणाली, की तुम्ही मात्र तसे धरू नका.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मारोतीला बोलावले. मारोती म्हणजे शालिग्रामरावांच्या हाताखाली वीस वर्षे काम केलेला फिटर. आता थकलेला, हातांना कंप सुटलेला. त्याने बॉनेट उघडून कान लावला.

"वहिनी, गाइड मोडली. साखळी झाकणाले घासून राहिली. अशीच चालवली तर साखळी दात सोडन, अन् इंजिन जागेवर मरन." मग त्याने तेल मोजायची डिपस्टिक ओढली. तिच्या टोकाला तव्याच्या काजळीसारखे काहीतरी लोंबत होते. "तेल कधी बदललं होतं?"

"हे होते तेव्हा."

"अन् मंग?"

बाई म्हणाल्या, "मंग दरवर्षी पूजा केली."

 मारोतीने डिपस्टिक फडक्याने पुसली आणि परत खोचली. सात वर्षांत माझी विचारपूस केली ती त्यानेच.

"माझे हात थरथरतात, वहिनी. मी सांगतो, तुमी करा. जमन काय?"

"काजं-बटणं करणारे हात आहेत माझे. सांगा तुम्ही."

माघातल्या एका रविवारी पोर्चमध्ये जुनी सतरंजी पसरली गेली. बाईंनी पदर खोचला. काळे तेल टबात काढले. इंजिनाखाली जॅक आणि लाकडाचा ठोकळा लावून त्याला तोलून धरले. मग पट्टे, पुली आणि शेवटी ते लोखंडी झाकण निघाले. चौदा वर्षांनी माझ्यावर ऊन पडले. मित्रांनो, मला ते मुळीच आवडले नाही. मोडलेल्या अंगावर उजेड कोणाला हवा असतो?

"आता साखळी अन् चाकं कोरडी पुसा, अन् खुणा करा," मारोती म्हणाला. "एक दात इकडचा तिकडं झाला तर सारं बेकार."

बाईंनी शिवणाचा खडू आणला आणि ब्लाउजच्या बाहीवर करतात तशा बारीक रेघा साखळीवर ओढल्या. मारोतीने फूटपट्टीने साखळी मोजली. ती ताणली गेली नव्हती, म्हणून ती तिथेच राहिली. मी बाहेर आले. जिच्यासाठी मी झिजले, तिने मागे वळूनही पाहिले नाही. साखळीला मागे वळता येत नाही, हे मला कळते. तरीही सांगून ठेवते.

माझ्या जागी नवी गाइड बसली, नवा टेन्शनर बसला. शेखर दारात येऊन म्हणाला, "चलो, हो गया ना? झाकण लावा."

"थांब," बाई म्हणाल्या.

त्यांनी वर्तमानपत्रावर माझे तुकडे मांडले होते. फाटलेल्या कापडाचे काठ जुळवावेत तसे एकेक जुळवत आणले. चार तुकडे जुळले. मधे चिंचोक्याएवढी जागा रिकामी राहिली.

"एक तुकडा कमी आहे."

"अगं आई, एवढंसं प्लास्टिक! तेलात कुठंतरी पडलं असेल. क्या फर्क पडता है?"

"भातात खडा लागला तर ताट सरकवतोस की नाही? गाडीनं काहून गिळावा?"

मारोती हसला. "वहिनी, खालचं तेलाचं चेंबर उतरवा लागन. संध्याकाळ होईन."

"होऊ द्या."

संध्याकाळ झाली. चेंबर उतरले. ज्या जाळीतून इंजिन तेल ओढून घेते, त्या जाळीच्या तोंडाशीच माझा तुकडा चिकटून बसला होता. आणखी काही दिवसांत इंजिनाचा घसा आवळला गेला असता. बाईंनी गोधडीच्या दाभणाने तो अलगद उचलला, पुसला आणि रिकाम्या जागी ठेवला. बसला.

"शालिग्रामदादा असते तर त्यांनीही झाकण लावलं नसतं," मारोती म्हणाला.  जाळी, चेंबर, सगळे धुऊन काढण्यात बाई गढल्या होत्या. झाकण लागल्यावर त्यांनी इंजिन आधी हाताने दोन फेरे फिरवले, नवे तेल भरले, आणि मग किल्ली फिरवली. खडखड झाली नाही. शेजारच्या घरातले गृहस्थ झाडांना पाणी घालत होते, त्यांना गाडी सुरू झाल्याचे कळलेही नाही.

इथे थांबले असते, तर तुम्हांला गोष्ट आवडली असती. पण मी गोड बोलण्यासाठी जन्मले नाही.

बाईंनी माझे पाचही तुकडे बिस्किटाच्या डब्यात घालून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवले होते. खिडकी पोर्चकडे उघडते. होळीनंतरच्या एका सकाळी मी तिथूनच पाहिले. शेखरबरोबर भाटापाऱ्याहून आलेला एक गृहस्थ होता. गाडी बघायला.

"आई, आता आवाज नाही, तर चांगलं गिऱ्हाईक मिळालं," शेखर म्हणाला. "इससे अच्छा मौका नहीं आएगा."

"तू म्हणाला होतास, आवाज बंद कर."

"हव, अन् म्हणालो होतो, मग बघू. बघितलं ना?"

गृहस्थाने थंड इंजिन सुरू करायला लावले, कान दिला आणि मान डोलावली. मग तो बाईंकडे वळला. त्यांच्या पांढऱ्या केसांवर त्याचा विश्वास बसला असावा.

"माताजी, आप सच बताइए. इंजन में कोई गड़बड़ तो नहीं?"

मित्रांनो, एक शब्द पुरेसा होता. 'आहे' म्हटले असते, तर तो गेटमधूनच परतला असता. गाडी राहिली असती. पंडरी, तागे, स्वतःचे जाणेयेणे, सगळे राहिले असते. शेखरलाही हे कळत होते. मी डब्यातून मनोमन ओरडत होते : खोटे बोला, बाई. या घरात सात वर्षे खोटी पूजा चालली, एक खोटा शब्द काय जड आहे?

बाईंनी पदर सावरला. मान ताठ केली.

"कोई गड़बड़ नहीं. काम कराया नहीं, मैंने अपने हाथ से किया है," त्या म्हणाल्या. "एक टुकड़ा भीतर नहीं छोड़ा. तेल समय पर बदलोगे, तो बरसों चलेगी."

कागद शेखरच्या नावाचे होते; गाडी त्याच दुपारी गेली. जाताना तिने काहीच आवाज केला नाही. तो आवाज बाईंनीच बंद केला होता.

आता पोर्चमध्ये नवी पांढरी गाडी उभी असते. तिची किल्ली शेखरच्या खिशात असते. बाई ऑटोची वाट पाहत फाटकाशी उभ्या राहतात. ऑटोवाला उशिरा येतो. दोन शाळांनी गणवेशाचे काम दुसऱ्याला दिले.

परवा खंडेनवमी झाली. शेखरने नव्या गाडीला टोपलीभर झेंडूचा हार घातला आणि हाक मारली, "आई, हळदकुंकू आण ना! फोटो काढायचा आहे."

बाई तबक घेऊन बाहेर आल्या. "तेल कधी बदललंस?"

"नई गाड़ी है, आई. अभी कुछ नहीं लगता."

"मंग हार काहून लागला?"

शेखर हसला आणि फोन वर धरून उभा राहिला. बाई तशाच आत वळल्या. त्यांनी डबा उघडला, माझे पाच तुकडे पाटावर नीट जुळवून मांडले, शेजारी शिवणाचा खडू आणि शालिग्रामरावांचा पाना ठेवला. मग माझ्या मोडलेल्या अंगावर हळदकुंकवाचे बोट ओढले आणि हात जोडले. त्यांचे डोळे कोरडे होते. माझ्या अंगावरच्या प्रत्येक भेगेत कुंकू उतरले.

मित्रांनो, तुमच्याही घरात कोणीतरी आत, अंधारात, कोणाला न दिसता झिजत असेल. ती एखादी वस्तू असेल किंवा एखादे माणूस. त्याची देखभाल वेळेवर करा, ते मोडायची वाट पाहू नका. सात वर्षे बॉनेटपुढे हात जोडले गेले, तेव्हा मी जे सांगू शकले नाही, ते आज तुम्हांला सांगते. मला कुंकू नको होते. मला तेल हवे होते.