खिरापतीचा डबा शोभेला बसत नाही

मित्रांनो, मी एक जुना पितळी डबा आहे. 'जुनं ते सोनं' असं तुमच्या शाळेच्या भिंतीवर लिहिलेलं असेल. त्यावर फार विश्वास ठेवू नका. मी पितळ आहे, पितळच राहणार, आणि मला त्याची मुळीच लाज वाटत नाही. आणखी एक आधीच सांगून टाकतो. जुन्या वस्तू बोलायला लागल्या की डोळ्यांत पाणी आणतात. मी रडगाणं गायला बसलेलो नाही.

अकोल्याच्या एका कारागिराच्या हातोडीखाली माझा जन्म झाला. अंगभर ठोके खाल्ले, आतून कल्हईचा चटका सोसला, तेव्हा कुठे मला रूप आलं. झाकण इतकं घट्ट की आत काय आहे याचा मुंगीलाही पत्ता लागू नये. माणिकबाईंनी मला दुकानात कानाशी धरून हलवून पाहिलं, पोटावर लेकीचं नाव कोरून घेतलं आणि तिच्या आंदणात दिलं. ती लेक म्हणजे पार्बताबाई. भातकुलीजवळ त्यांच्या सासरी झेंडू-शेवंतीचा मळा होता. मीही तिथलाच झालो.

एरवी मी गूळ सांभाळायचो. माझं खरं काम भादव्याच्या पुनवेला सुरू व्हायचं. पाटावर मातीची भुलाबाई आणि भुलोजी, म्हणजे पार्वती आणि शंकर, बसत, आणि कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी गावच्या मुली टिपऱ्या घेऊन घरोघर गाणी म्हणत फिरत. गाणी संपली की खिरापत, म्हणजे त्या घरचा खाऊ. तो नुसता वाटून टाकायचा नसे. माझ्यात लपवून मुलींसमोर वाजवायचा आणि त्यांनी ओळखायचा. ओळखला किंवा 'हरलो' म्हटलं, तरच झाकण उघडायचं.

पार्बताबाई यात मोठ्या पक्क्या. उकडलेल्या शेंगा फडक्यात बांधून ठेवत, म्हणजे आवाजच येऊ नये. शिरा असला की वर एका वाटीत चिंचोके टाकत. मुली फुटाण्यांपासून लाह्यांपर्यंत सगळी नावं घेऊन थकत, हरलो म्हणत आणि झाकण उघडल्यावर पार्बताबाईंशी भांडत. त्या भांडणाइतकं गोड दुसरं काही मी पाहिलेलं नाही.

पुढे त्यांच्या मुलानं, शेखरनं, अमरावतीला फुलांचं दुकान टाकलं आणि एका ले-आउटमध्ये, म्हणजे नव्या वसाहतीत, घर बांधलं. मुलींना शिकवण्या लागल्या. भुलाबाई मागे पडली, वाढदिवस पुढे आले. फुगे आले, केक आले, तोंडाला फासायचा फेस आला. मी केकला नावं ठेवणार नाही. मुलं त्याच्याभोवती हसतात, म्हणजे तोही कामाचाच असणार. पण मला बिघडलेल्या मिक्सरशेजारी माळ्यावर टाकलं, याचा राग मात्र मी विसरलेलो नाही.

यंदा शेखरच्या मुलीनं, खुशीनं, मला खाली काढलं. ती पाचवीत आहे आणि तिला प्रश्न फार.

"आजी, हे काय आहे वं?"

"खिरापतीचा डबा होय. याच्यात खाऊ लपवाचा अन् पोरीयनं वळखाचा," पार्बताबाई म्हणाल्या.

"मंग या कोजागिरीले आपन करू न."

"कोनाले टाइम आहे आता? जाऊ दे."

खुशीनं जाऊ दिलं नाही. आपल्या घरची खिरापत मैत्रिणींकडून ओळखून घ्यायचीच, हे तिनं मनाशी पक्कं केलं. चिंच लावून तिनं मला घासलं. माळ्यावरच्या इतक्या वर्षांनी मला पुन्हा काम मिळणार होतं.

पण ले-आउटच्या महिला मंडळानं कोजागिरीलाच हॉलमध्ये भुलाबाईचा कार्यक्रम ठरवला. मंडळाच्या रागिणीताई आमच्या घरी आल्या, मला पाहून हरखल्या आणि खुशीच्या आईला म्हणाल्या, "करिश्मा, डेकोरेशनले असंच जुनं काही पाहिजे होतं."

करिश्मानं मला लगेच त्यांच्या हवाली केलं. खुशी तेव्हा शाळेत होती.

हॉलमध्ये त्यांनी माझं झाकण बाजूला ठेवलं आणि माझ्यात प्लॅस्टिकचा झेंडू कोंबला. ज्या घरात पहाटे खऱ्या झेंडूच्या करंड्या भरतात, त्या घरच्या डब्यात प्लॅस्टिकचा झेंडू. माझ्या अंगाची लाही लाही झाली. गाणी स्पीकर म्हणत होता, मुली त्यावर नाचत होत्या. पार्बताबाईंना शाल-नारळ देऊन पहिल्या खुर्चीवर बसवलं होतं, जणू त्यांचंही काम संपलं. खाऊचं तर विचारूच नका. मसाला दूध, पाणीपुरी, पाटवडी असा सगळा मेनू आदल्या दिवशीच ग्रुपवर आला होता. मग ओळखायचं काय, कपाळ?

खुशी आली. तिनं मला पाहिलं, फुलं उपसून टेबलावर टाकली आणि मला घेऊन पडद्यामागे गेली. तिथे मुलांना द्यायच्या खाऊच्या पिशव्या होत्या. तिनं त्यातलं काहीतरी माझ्यात ओतलं, तळहातानं झाकण दाबून बसवलं, मंचावर येऊन मला जोरात हलवलं आणि म्हणाली, "वळखा."

मुली गोंधळल्या. मग एकीनं चिप्स म्हटलं, दुसरीनं फुटाणे.

"खुशी, बेटा, डबा ठेव जागेवर. फोटो राहिले आहेत," रागिणीताई म्हणाल्या. करिश्मानं डोळे वटारले.

"हा डबा आमचा आहे, काकू. वळखल्याबिगर झाकन नाही उघडत मी," खुशी म्हणाली. तिनं मला पोटाशी घट्ट धरलं.

एका मुलीनं मला ओढलं. मी फरशीवर आदळलो, कडेला पोचा पडला. झाकण मात्र मी सोडलं नाही. सोडलं असतं तर पोरीचा शब्द गेला असता.

तेवढ्यात पार्बताबाई शाल खुर्चीवर टाकून उठल्या. "आन इकडे," त्या म्हणाल्या. लग्नानंतर त्यांनी नेहमी लपवलंच होतं, ओळखायची पाळी त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती. त्यांनी मला कानाशी धरून हळूच हलवलं.

"शेवया. पन कच्च्या."

खुशीनं झाकण उघडलं. "हरली आजी. नूडल्स आहेत."

पार्बताबाईंनी आत डोकावून पाहिलं. "मंग त्या शेवयाच न वं. कोन हरलं?"

अर्धा हॉल आजीच्या बाजूनं, अर्धा खुशीच्या. दुधावर साय धरली तरी भांडण मिटेना. मग मुली मला एकमेकींच्या हातातून ओढू लागल्या, कारण आता प्रत्येकीला लपवायचं होतं. "मले तर मुरमुरे वाटले होते," रागिणीताई हळूच करिश्माला म्हणाल्या.

घरी आल्यावर करिश्मा सासूबाईंना म्हणाली, "आत्याबाई, याचा पोचा काढून आनू, पॉलिश करू अन् शोकेसमध्ये ठेवू."

मित्रांनो, मला हे मान्य नाही. मला जपून ठेवू नका. वापरा, आदळा, घासा, माझ्यावरून भांडा. आजीचा शिरा ठेवा, नाहीतर तुमच्या नूडल्स ठेवा, केकचा तुकडा ठेवा. माझी काही तक्रार नाही. फक्त आत काय आहे, ते आधी सांगू नका.