मागे राहील त्याचं

नागावचं घर आणि भोवतीची नारळाची वाडी दत्तात्रेय आणि सुचिता अशा दोघांच्या नावावर होती. दोघांचंही हे दुसरं लग्न. परेश त्याच्या पहिल्या बायकोचा, क्रांती तिच्या पहिल्या नवऱ्याची. दत्तात्रेय गेला तेव्हा सुचिताला वाटलं, कागदावर आपलंही नाव आहे, म्हणजे घर आता आपलंच.

अलिबागच्या वकीलबाईंनी स्पष्ट सांगितलं. "अर्धं तुमचं आहेच. त्यांच्या अर्ध्याचे दोन वाटे, एक तुमचा, एक परेशचा. क्रांतीला त्यांच्यातलं काही नाही. तुमचं मात्र तुमच्यामागे तिचं."

तेराव्याला आलेला परेश परत गेलाच नाही. न्हावा शेव्याच्या बंदरात त्याचे कंटेनरचे ट्रेलर चालत, ते तो फोनवरूनच बघू लागला. इतकी वर्षं सुचिताला मावशी म्हणणारा तो एकाएकी आई म्हणू लागला. सकाळी चहा हातात आणून देई.

"वाटण्या कशाला, आई? दोघं मिळून लिहून ठेवू. जो मागे राहील त्याचं सगळं."

सुचिता साठीला आलेली, परेश ऐन तिशीतला. मागे कोण राहणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. पण रिकाम्या घरात त्याचा आवाज बरा वाटे. ती हो म्हणाली.

मग एका दुपारी कामवाली कृष्णाबाई मागच्या दारी येऊन उभी राहिली.

"बाय, तुमीच मना येऊ नको सांगलंत म्हणं?"

"मी? मला वाटलं तूच आजारी हायस."

"परेश बोलला तसा."

सुचिताने क्रांतीला फोन लावला. तिलाही परेशने कळवलं होतं, आईला माणसं नकोशी झालीत, इतक्यात येऊ नकोस.

कृष्णाबाईला सोबत घेऊन ती अलिबागला गेली आणि आपला सगळा हिस्सा क्रांतीच्या नावे करून मृत्युपत्र नोंदवून आली. जेवताना तिने सांगून टाकलं.

"मी त्या कागदावर सही करणार न्हाय. माझं ते सगळं क्रांतीला."

परेशचा घास थांबला नाही. माशाचा काटा त्याने ताटाच्या कडेला नीट ठेवला.

"आणि तुमच्याआधी क्रांतीलाच काही झालं तर? तिचं लग्न न्हाय, पोर न्हाय. मग तुमचं नवऱ्याच्या वारसाकडं येतं. मीपण विचारून आलोय." तो पाणी प्यायला. "उरणला स्कूटीवरूनच जाते ना ती कामाला? जपून जा म्हणावं. आमचे ट्रेलर त्याच रस्त्याला असतात."

सकाळी सुचिता रेवसच्या तरीत बसली आणि खाडीपलीकडे उरणच्या बाजूला उतरून क्रांतीच्या खोलीवर गेली. पोलिसांत जाऊन सांगणार काय? जपून जा म्हणाला, एवढंच. क्रांतीला आधी काही झालं तर म्हणून तिने मृत्युपत्रात आपल्या भाचीचं नाव घातलं आणि वकीलबाईंकरवी ते परेशला मुद्दाम कळवलं.

वाटपाचा दावा कोर्टात आहे. घरात परेश राहतो. क्रांतीने स्कूटी विकली, ती बसने जाते. संध्याकाळी तिची बस येईपर्यंत सुचिता नाक्यावर उभी असते. दर रविवारी परेशचा फोन येतो. दोघींची तब्येत विचारतो.