भीमाच्या गदेचा सहावा वार

मित्रांनो, मी लाकडाची आहे, हे आधीच सांगून टाकते. महाभारतातल्या भीमाची गदा लोखंडाची होती. माझं डोकं फणसाच्या लाकडाचं आहे आणि दांडा सागाचा. अंगावर सोनेरी रंग आहे, तोही आता ठिकठिकाणी उडालाय. तरीसुद्धा तीसेक वर्षं घाटकोपर, भांडुप, मुलुंडच्या मैदानांवर मला पाहून पुढच्या रांगेतली मुलं ओरडायची, "आली, भीमाची गदा आली!"

मी कधी कुणाला दुखवलं नव्हतं. मग एका संध्याकाळनंतर मला वाटायला लागलं, की आपण एका भल्या माणसाचा पाय मोडला. ते ओझं मी बारा वर्षं वाहिलं. ते कसं उतरलं, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

मला घडवलं दादू सुताराने. तो एका कापडगिरणीच्या सुतारखात्यात होता. कुडाळजवळच्या त्याच्या गावी अंगणातला फणस वादळात पडला, त्याचा एक ओंडका त्याने मुंबईला आणला होता. त्याच गिरणीत कामाला लागलेला जयवंत तेव्हा वीस वर्षांचा होता. घाटकोपरच्या चाळीतल्या कोकणी मंडळींनी दशावताराचं मंडळ काढलं होतं आणि भीमाचं काम जयवंतकडे आलं होतं. मी घडत असताना तो रोज येऊन मला उचलून बघायचा.

"दादूकाका, जरा हलकी करा ना. पंधरा मिनिटं फिरवायची आहे."

"भीम व्हायचंय ना तुला?" दादू रंधा न थांबवता म्हणाला. "मग हात भरून येऊ दे."

हात भरून आले. पहिल्या वर्षी खेळ संपला की जयवंतला चहाचा कपसुद्धा धरता येत नसे. तिसऱ्या वर्षी तो मला एका हाताने डोक्यावर गरागरा फिरवायला लागला.

मित्रांनो, भीमाची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. मी ती त्याच्या खांद्यावर बसून जगले. लहानपणी दुर्योधनाने त्याला लाडवांतून विष घातलं आणि वेलींनी बांधून गंगेत टाकून दिलं. पाण्याखाली नागांनी त्याला दंश केले, तेव्हा विषाने विष उतरलं. नागराजाने त्याला रस पाजला आणि हजार हत्तींचं बळ घेऊन तो आठ दिवसांनी घरी परतला. लाखेच्या घराला आग लागली, तेव्हा आईला आणि चार भावांना उचलून तो रानातून चालत राहिला. आमच्या खेळात कुंतीचं काम करणारा माणूस चांगला गलेलठ्ठ होता. त्याला खांद्यावर घेतलं की जयवंतच्या कपाळाची शीर फुगायची आणि बायका पदर तोंडाला लावून हसायच्या.

बकासुराचा प्रवेश मुलांना फार आवडे. गाडाभर अन्न राक्षसाला पोचवायचं, ते भीम स्वतःच खात बसतो. राक्षस पाठीत बुक्के मारतो, तरी हा मान वळवत नाही. जयवंत खरोखरचे वडे खायचा, एकामागून एक. जरासंधाला भीमाने उभा चिरून दोन्ही तुकडे उलटसुलट फेकले. ती कुस्ती असल्यामुळे तेवढा वेळ मी पडद्यामागे असे. द्रौपदीचा अपमान करणाऱ्या कीचकाला मारलं, तेव्हाही त्याला माझी गरज लागली नाही. माझी खरी पाळी शेवटी यायची. अठराव्या दिवशी भीम आणि दुर्योधन समोरासमोर उभे राहत आणि गदायुद्ध सुरू होई.

बकासुर, जरासंध, कीचक आणि दुर्योधन ही चारही कामं एकच माणूस करायचा. त्याचं नाव भाऊराव. तो जयवंतच्याच गावचा, त्याच्याच वयाचा, एका कारखान्यात फिटर होता. आवाज असा, की माईक बंद पडला तरी शेवटच्या माणसाला ऐकू जावा. खेळ संपल्यावर तोंडाचा रंग पुसता पुसता तो म्हणायचा, "जयवंता, एका जन्मात तू माका चार वेळा मारतंस, आणि चाय पण मीच पाजूची?" दोघे एकमेकांशी नेहमी मालवणीतच बोलत.

दादू पुढे गावी गेला. संप झाला, गिरणी बंद पडली, जयवंत औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला लागला. त्याचं लग्न झालं, मुलगी झाली. खेळ मात्र थांबला नाही.

आमच्या गदायुद्धाचा हिशेब ठरलेला होता. पाच वार गदेवर गदा. मग दुर्योधन उंच उडी घेतो आणि भीमाचा सहावा वार त्याच्या मांडीवर बसतो. कमरेखाली मारायचं नाही, हा गदायुद्धाचा नियम. पण भर सभेत द्रौपदीला मांडी दाखवणाऱ्या दुर्योधनाची तीच मांडी फोडीन, अशी भीमाने प्रतिज्ञा केली होती. म्हणून हा वार करताना जयवंतचा चेहरा आनंदी नसे, घट्ट असे. भाऊरावच्या धोतराखाली कापसाची गादी बांधलेली असायची. जयवंत मला वेगाने आणायचा आणि शेवटच्या वितीवर थांबवून नुसता टेकवायचा. शेकडो वेळा आम्ही ते केलं होतं.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. नवरात्र होतं. मुलुंडच्या मैदानावर संध्याकाळी सातला खेळ लागला होता. दोघेही पन्नाशी ओलांडलेले. पाच वार झाले, मृदंगाचा ठेका वाढला, भाऊराव उडाला आणि मी त्याच्या मांडीला लागले. तो खाली आला तो वाकडाच. त्याने जी किंकाळी फोडली, ती ऐकून सगळं मैदान टाळ्या वाजवायला लागलं. लोकांना वाटलं, काय अभिनय आहे! पेटीवाला वाजवतच राहिला. मग भाऊराव हळू आवाजात म्हणाला, "आई गं." हे दुर्योधनाचं वाक्य नव्हतं. जयवंतच्या हातून मी खाली पडले.

मी लागले, एवढं मला ठाऊक होतं. किती जोरात, ते मला ठाऊक नव्हतं. खरं सांगते, मित्रांनो, मी ते पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं, पण टाळ्यांच्या त्या आवाजात माझं मलाच काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी जयवंत हॉस्पिटलमध्ये गेला. त्याने दारातून पाहिलं. भाऊरावचा पाय वर टांगलेला होता आणि त्याची बायको मालन उशाशी बसून रडत होती. जयवंत दारातूनच मागे फिरला. मंडळातला कुणीतरी गंमत म्हणून बोलला, "जयवंता, खराच भीम झालास की रे!" त्यावर कुणी हसलं नाही. घरी येऊन त्याने मला जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि माळ्यावर ठेवून दिलं. त्यानंतर तो भीम झाला नाही. भीमाशिवाय आणि दुर्योधनाशिवाय मंडळ दोन वर्षं कसंबसं चाललं, मग बंद पडलं. भाऊराव मुलाकडे बोरिवलीला राहायला गेल्याचं मी खालच्या बोलण्यातून ऐकलं. माळ्यावर मला वाळवीची भीती वाटायची, पण त्याहून जास्त त्या किंकाळीची.

यंदा आमची चाळ पाडायचं ठरलं. तिथे टॉवर होणार, तोवर सगळ्यांनी भाड्याच्या खोल्यांत जायचं. जयवंतची मुलगी सुलक्षणा अंधेरीला एका ऑफिसात काम करते. आवराआवर करायला ती सुट्टी काढून आली. माळ्यावरून तिने मला खाली घेतलं, लुगडं सोडलं आणि जोरात शिंकली.

"बाबा! तुमची गदा! अजून झकास आहे."

जयवंत खोक्याला दोरी बांधत होता. त्याने वर पाहिलं नाही. "ती नको. भंगारवाल्याला देऊन टाक."

"वेड लागलंय का तुम्हाला? पितळेचा गळका तांब्या तुम्ही चार वेळा गुंडाळून ठेवलात, आणि ही भंगारात?"

"सुलू, सांगितलं ना, नको म्हणून!"

तो असा कधी ओरडत नसे. सुलक्षणा त्याच्यासमोर जमिनीवर बसली, मला मांडीवर घेऊन. "काय झालंय, ते सांगा. सांगितल्याशिवाय मी हलणार नाही."

मग त्याने सांगितलं. बारा वर्षांत पहिल्यांदाच. "माझ्या हातून अंदाज चुकला," तो म्हणाला. "थकलो होतो, वेळेवर थांबवता आली नाही. एका माणसाचं चालणं मी कायमचं बिघडवलं."

"आणि तुम्ही त्यांना विचारलंत?"

"काय विचारू? दुखतंय का म्हणून?"

सुलक्षणाने जुन्या पेटीवाल्याकडून नंबर मिळवला आणि तिथेच, बापासमोर, फोन लावला. पलीकडे मालन होती. तिचा आवाज खोलीभर ऐकू आला.

"जयवंत? खयचो जयवंत? आमचो भीम? अगो, बारा वर्सां झाली! घेऊन ये त्यांका रविवारी. आणि जेवकच या."

रविवारी आम्ही टॅक्सीने बोरिवलीला निघालो. मला सोबत न्यायचं सुलक्षणानेच ठरवलं. दुसऱ्या मजल्यावरच्या दारासमोर जयवंत इतका वेळ उभा राहिला, की शेवटी बेल तिनेच वाजवली.

भाऊराव खुर्चीत बसला होता. केस पांढरे झालेले, शेजारी काठी, पण आवाज तोच. "ये रे मेल्या! घाटकोपरसून बोरिवलीक येवक तुका बारा वर्सां लागली?"

जयवंत बसला नाही. "भाऊराव, माझ्या हातान तुझो पाय मोडलो. माका माफ कर."

भाऊराव म्हणाला, "तुझ्या हातान? अरे, तुझी गदा माका लागूकच नाय. टेकली फक्त, नेहमीसारखी."

माझ्या दांड्यातून शिरशिरी गेली.

भाऊराव सांगायला लागला. त्याचा गुडघा आधीच गेला होता. डॉक्टरने त्याला उडी मारायला साफ मनाई केली होती. पण दुर्योधन दुसऱ्या कुणाला द्यायचा नव्हता, म्हणून त्याने ते कुणालाच सांगितलं नाही. त्या संध्याकाळी जमिनीवरून पाय सुटतानाच गुडघ्यात कट्टकन आवाज झाला. गदा यायच्या आधी. "तू दारातून परत गेलंस, ता मी बघलंय. माका वाटला, रागावलंस. माझ्यामुळे खेळ मोडलो, मंडळाची वाट लागली, म्हणान."

जयवंतने मान हलवली. "तू माका बरा वाटाक व्हया म्हणान सांगतंस."

एवढ्यात मालन स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "थांबा," ती म्हणाली आणि कपाटातून औषधांच्या कागदांची जुनी पिशवी काढून सुलक्षणाच्या हातात दिली. "ह्यात एक चिठ्ठी आसा. पाय मोडूच्या आधीची तारीख कशी काय, ह्या माका कधी समाजलाच नाय. बघ गो."

सुलक्षणाने ती शोधून वाचली. डाव्या गुडघ्यातलं लिगामेंट फाटत आलेलं, उडी आणि धावणं पूर्ण बंद. तिने तारखेवर बोट ठेवलं. "बाबा, जुलै. खेळाच्या तीन महिने आधी."

जयवंतने चिठ्ठी हातात घेतली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा वाचली. मग तो जवळच्या स्टुलावर असा बसला, जसा माणूस डोक्यावरचं पोतं उतरवून बसतो. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता.

मालन मात्र नवऱ्यावर उखडली. "म्हणजे माका पण फशिवलात? आणि मी बारा वर्सां ह्या बिचाऱ्याक मनातल्या मनात बोल लावतंय!"

"आता जेवक वाढतंस, की गदा दिवू तुझ्या हातात?" भाऊराव म्हणाला, आणि घरभर हशा पिकला.

माझं काय झालं, ते कसं सांगू? लाकूड रडत नाही. पण त्या दिवशी सुलक्षणाने मला उचलून कोपऱ्यात ठेवलं आणि म्हणाली, "बाबा, ही हलकी लागतेय आज." वजन तर तेवढंच होतं.

भाड्याच्या खोलीत मला जागा नव्हती. जयवंतने भाऊरावलाच विचारलं, ठेवतोस का. "दुर्योधनाच्या घरात भीमाची गदा?" भाऊराव म्हणाला. "ठेव. उडालेलो रंग मात्र तूच येऊन लाव." म्हणून आता मी इथे असते. मालन मला कोरड्या फडक्याने पुसते, खाली पाटाचा तुकडा देते, म्हणजे फरशीची ओल लागू नये. जुन्या लाकडाला याहून जास्त काही लागत नाही.

मित्रांनो, तुमच्या माळ्यावर माझ्यासारखं काही गुंडाळून ठेवलेलं असेल, तर ते भंगारात देण्याआधी घरातल्या मोठ्यांजवळ बसा आणि ते का ठेवलं, हे विचारा. आणि तुमच्यामुळे कुणाला लागलं, असं वाटत असेल, तर दारातून मागे फिरू नका. आत जा. मी बारा वर्षं फुकट झुरले, जयवंतही झुरला, आणि पलीकडे भाऊरावही.

आज रविवार आहे. जिन्यात पावलं वाजतायत, सोबत रंगाच्या डब्याचा खुळखुळ आवाज. दुसऱ्या मजल्यापर्यंत येताना भीमाला धाप लागली आहे, आणि दुर्योधन आतून ओरडतोय, "दार उघडाच आसा रे, ये!"