देशासाठीची प्रार्थना

दोरीला झटका बसला, झेंडा उघडला, पाकळ्या खाली आल्या आणि शांतवनने सवयीने टाचा जुळवल्या. राष्ट्रगीतही त्याने म्हटलं, सगळं, शेवटपर्यंत. मग त्याला स्वतःचाच राग आला. घरी खाटेवर आरोही पांढऱ्या झबल्यात निजवलेली होती. तिचा ताप पहाटे उतरला तो कायमचाच, आणि बाप इथे शाळेच्या मैदानात छाती काढून उभा.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर ग्रामसभा भरते, म्हणून तो आला होता. शहरातल्या दफनभूमीने फोनवरच सांगितलं होतं, तुमची बोरवाडी हद्दीबाहेर, तुमच्या गावातच बघा. निघोजेच्या पलीकडच्या या बोरवाडीत ख्रिस्ती घर एकच, शांतवनचं. जालन्याकडून तो कंपनीत कामाला आला, गवराबाईची खोली भाड्याने घेतली, लग्न करून सुप्रियाला आणलं, मतदार यादीत नाव घातलं. बोरवाडी आपलं गाव, असं तो कुणालाही सांगायचा. गावाने कधी नाही म्हटलं नव्हतं. गावाला कुणी विचारलंच नव्हतं.

एका शाळकरी मुलीने संविधानाची उद्देशिका वाचली. शांतवनचे ओठ तिच्याबरोबर हलत राहिले. चिंचवडच्या त्याच्या चर्चच्या मंडळीत जानेवारीतल्या एका रविवारी सगळे मिळून ती म्हणत, पाळकांनीच तशी रीत घातली होती. आणि दर रविवारची देशासाठीची प्रार्थना तर शांतवनचीच. सैनिक, शेतकरी, राज्यकर्ते, सगळ्यांना तो एकेक करून देवाच्या हवाली करायचा. एकदा ओघात त्याने बोरवाडीच्या पंचायतीलाही त्यात धरलं होतं, तेव्हा सुप्रियाला हसू आवरेना.

मग बुंदीचे लाडू वाटले गेले. एक त्याच्याही हातात आला. तो खाववेना आणि टाकवेना, तसाच मुठीत धरून तो उभा राहिला.

"गायरानाचा कोपराही चालेल," सभा सुरू झाल्यावर तो म्हणाला. "दोन हात जागा. लहान आहे ती."

सरपंच हिंदुराव खरोखरच कळवळला. त्याच्या आईच्याच खोलीत हे कुटुंब राहत होतं, पोरीला त्यानेही कडेवर घेतलं होतं.

"लई वाईट झालं, राव. पर आज झेंड्याच्या दिवशी ह्यो इषय नको."

"उद्यापर्यंत तिला कसं ठेवू, हिंदुरावभाऊ?"

मागून एक आवाज आला. "आज एक क्रूस उभा ऱ्हाईल, उद्या धा ऱ्हातील."

"भाड्यानं ऱ्हावा, कामं करा, कोन न्हाई म्हनतंय?" दुसरा म्हणाला. "जागा कशाला पायजे?"

शांतवनला वाद घालायचा नव्हता. वाद घालण्याइतकं त्राणच त्याच्यात नव्हतं. तरी तो बोलून गेला, "आत्ता त्या पोरीनं वाचलं ते सगळ्यांसाठीच आहे ना?"

कुणी हसलं नाही. हिंदुरावने मान खाली घातली.

"ते खरंच हाय. पर ते देशाचं झालं, शांतवन. हे गावाचं हाय."

नको म्हणणाऱ्यांचे हात वर झाले. आता हवं म्हणणाऱ्यांचे, असं विचारलं गेलं तेव्हा शांतवनने स्वतःचाही हात वर केला नाही. त्यात लाडू होता.

घरी सुप्रिया खाटेपाशी जमिनीवर बसली होती. त्याने लाडू फळीवर ठेवला. तिने त्या लाडवाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि काय झालं ते विचारलं नाही.

"जालन्याला नेऊ," तो म्हणाला.

"कुणापाशी? कोण उरलंय तिथं आपलं? तिला इतक्या लांब टाकून मी इथं भाकऱ्या थापत बसू?"

कोपऱ्यात त्याने सकाळी केलेला क्रूस टेकवून ठेवला होता. कंपनीतून जळणासाठी आणलेल्या लाकडी पॅलेटच्या दोन पट्ट्या, चार खिळे. एका पट्टीवर अजून माल भरतानाचा शिक्का होता, तो घासूनही गेला नव्हता.

"एक सांगते," सुप्रिया म्हणाली. "रविवारची ती देशाची प्रार्थना आता दुसऱ्या कुणाला सांगा. तुमच्या तोंडून ती ऐकायला लागली तर मी उठून जाईन."

तो हो म्हणाला. ते त्याच्याही मनातलंच होतं. इतकी वर्षं आपण कुणासाठी हात जोडत होतो, हा प्रश्न मैदानातून घरापर्यंत त्याच्या मागे लागला होता.

उन्हं कलली तेव्हा गवराबाई दारात आली. हिंदुरावची आई. आरोहीला जन्मल्यापासून न्हाऊ-माखू तिनेच घातलेलं. तिच्या हातात कुदळ होती.

"ऊठ, बाबा. दिस बुडायच्या आत उरकू. वढ्याकाठी आमची लेकरं हायेत. दात न आलेलं लेकरू आमी बी जाळत न्हाई, पुरतोच. तितं कुनी ठराव करीत न्हाई."

शांतवनला एकदम भडभडून आलं आणि त्याचा संतापच झाला.

"चोरून का पुरू मी माझ्या लेकीला? उद्या तहसीलला जाईन, कोर्टात जाईन. माझा हक्क आहे."

"हाय की. म्या कुटं न्हाई म्हनते? पर हक्काला येळ लागंल. लेकराला लागू देऊ नगंस." ती क्रुसाकडे वळली. "ते मातुर ऱ्हाऊ दे. तितं कुनाचंच काय नसतं. नाव न्हाई, दगूड न्हाई."

तो सुप्रियाकडे बघत राहिला. ती नाही म्हणाली असती तर तो उद्यापर्यंत, परवापर्यंत, कितीही थांबला असता. सुप्रियाने आरोहीला उचलून पदराखाली घेतलं.

"चला," ती म्हणाली.

ओढा कंपनीच्या भिंतीमागे होता. काठावर बाभळी होत्या, आणि जागोजागी काटेरी फांद्या टाकलेल्या, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून. त्याखाली कोण कुणाचं, काही कळत नव्हतं. शांतवन खणू लागला. माती कडक होती, वर भुसभुशीत वाटली तरी आत कडक. त्याने आरोहीला आत ठेवलं आणि हाताने माती लोटली. सुप्रियानेही लोटली. तिच्या तोंडून एकदाच आवाज निघाला, मग तिने ओठ दाबून धरले.

तो पुटपुटत प्रार्थना करू लागला.

"मोठ्यानं म्हन की," गवराबाई म्हणाली. "तिला ऐकू जायाला नगं?"

तो मोठ्याने म्हणू लागला. लेकीला त्याने देवाच्या हवाली केलं, नाव घेऊन. गवराबाई डोक्यावर पदर घेऊन, हात जोडून उभी होती. मध्येच ती म्हणाली,

"माजी बी दोन हायेत हितं. हिंदुरावच्या आधीची. त्यांचं बी म्हन."

"कुठं आहेत, आजी?"

"काय म्हाईत? त्यांचा बा पुरून आला. बायांनी यायचं नसतं, म्या आजच आले. त्यांच्यावर कुनी काय म्हनलंच न्हाई. लहान लेकराचं काय करीत न्हाईत आमच्यात."

"नावं काय त्यांची?"

"बारशाच्या आदीच गेली."

शांतवनने आजूबाजूच्या फांद्यांवरून नजर फिरवली. मग डोळे मिटून त्याने गवराबाईच्या दोन लेकरांना, नाव न घेता, आरोहीच्या शेजारी देवाच्या हवाली केलं.

पुढचे शब्द आपोआप त्याच्या जिभेवर आले. इतक्या वर्षांची सवय. त्याने ते गिळले, आणि आमेन म्हणायला तोंड उघडलं.

सुप्रियाने मातीने भरलेल्या हाताने त्याचं मनगट धरलं.

"देशाचं राहिलं," ती म्हणाली.

"तूच नको म्हणालीस ना?"

"तेव्हा आरोही या मातीत नव्हती."

गवराबाईला यातलं काही कळलं नाही. प्रार्थना संपलेली नाही एवढंच तिला समजलं, आणि डोक्यावरून घसरलेला पदर सावरून तिने पुन्हा हात जोडले.