तापलेल्या करागेरला पाणी

आमच्या बोटीच्या इंजिनाचं नाव करागेर. खरं तर हे घोड्याचं नाव. अतांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या लहानपणी त्यांच्याकडे या नावाचा एक काळसर तांबडा घोडा होता. तो आयुष्यात एकच शर्यत जिंकला, आणि अता अजून त्या एका शर्यतीवर जगताहेत. दोन वर्षांपूर्वी घरी तीस घोडशक्तीचं इंजिन आलं तेव्हा ते म्हणाले, "तीस घोडे! एवढी नावं कोण लक्षात ठेवणार? तिसांचं मिळून करागेर."

आणि लाड तरी किती! बोट किनाऱ्याला टेकली की अता पहिलं काम करतात ते इंजिन पाण्याबाहेर उचलायचं. मग ते ढकलगाडीवर घालून अंगणात आणायचं आणि त्यावर घोड्याची जाड लोकरी नमद्याची झूल पांघरायची. ओराझ आगा आणि बाकीचे कोळी आपापली इंजिनं गोड्या पाण्याच्या पिपात बुडवून दहा मिनिटं चालवतात. दौडून आलेल्या घोड्याला घाम सुकेपर्यंत पाणी द्यायचं नसतं, हे अतांच्या हाडीमाशी खिळलेलं. ते बघून ते मान हलवत पुटपुटतात, "तापलेल्या जनावराला पाणी! देव यांना क्षमा करो."

तर या करागेरला जूनमध्ये ताप आला. इंजिनाच्या बाजूने पाण्याची एक बारीक धार बाहेर पडत असते. तिला आमच्याकडे सगळे काय म्हणतात ते लिहिलं तर भाषेच्या बाई वही फेकून देतील. ती धार आटली, वाफ आली आणि भर समुद्रात इंजिन बंद पडलं. ओराझ आगांनी अतांना बोटीसकट ओढत किनाऱ्याला आणलं आणि पंपातला फाटका रबरी पंखा बदलून दिला. इंजिन सुरू झालं. पण त्यातला जीव गेला होता. पूर्वी मूठ पिळली की बोटीचं नाक वर उठायचं आणि बोट पाण्यावरून सरसर घसरत जायची. आता मूठ शेवटपर्यंत पिळली तरी बोट आपली गाभण म्हशीसारखी पाण्यात बसून डुलत डुलत चालायची.

सप्टेंबर उजाडला. मोठ्या जाळ्यांचा हंगाम तोंडावर आला आणि ओराझ आगा आमच्याकडे चहाला आले. ते आमच्या कोळ्यांच्या तुकडीचे प्रमुख आहेत. चहाबरोबरचा चौथा बाउरसाक, म्हणजे तळलेल्या पिठाचा गोळा, तोंडात घालून त्यांनी घसा खाकरला तेव्हाच मी ओळखलं, की आता काहीतरी वाईट येणार.

"अक्सकाल," ते अतांना म्हणाले, गावातल्या वडीलधाऱ्यांना सगळे म्हणतात तसं, "जाळी यंदा लांब टाकतोय. वारा फिरला तर अर्ध्या तासात परत यायला हवं. तुमची बोट उठत नाही. शनिवारी बघू. समुद्रातल्या लोखंडी खांबाला वळसा घालून पंधरा मिनिटांत आलात तर तुमची जागा तुमचीच. नाहीतर यंदा किनाऱ्यावर बसून जाळी विणा. सावलीत. निवांत."

अता हसले. "वा! चहासुद्धा मिळेल का?"

ओराझ आगा गेले आणि अतांनी चहा तसाच ठेवला. नद्यांचं पाणी शेतांकडे वळवलं आणि समुद्र आटून दूर गेला तेव्हा आख्खं गाव रेल्वेच्या कामावर गेलं होतं. एकटे अता मागे राहिले आणि उंट राखत बसले, पाणी परत येईल म्हणून. पुढे बांध घातला आणि पाणी आलंसुद्धा, आणि त्यानंतर मी जन्मले म्हणून माझं नाव तोल्कीन, म्हणजे लाट. त्या माणसाने आता किनाऱ्यावर बसून जाळी विणायची?

"अता," मी म्हणाले, "इंजिन मला बघू द्या."

"तुला? परवापर्यंत तुला सायकलची साखळी बसवता येत नव्हती."

"ते परवा. आता मी अकरावीत आहे."

"अरे वा! मग जहाजच बांध की एक."

पण दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर ते करागेरला बोटीवर चढवून माझी वाट बघत होते. आम्ही बोट धक्क्याला बांधली आणि इंजिन पाण्यात सोडून चालू केलं. इंजिनात दोन सिलिंडर आहेत, एकावर एक. मी अतांचा जाड कातडी हातमोजा घालून वरच्या प्लगची टोपी उपटली. इंजिन खोकलं, अडखळलं, मरायलाच टेकलं. टोपी परत बसवली आणि खालची काढली. काही नाही! इंजिनाला पत्ताच नाही! जसं चालत होतं तसंच चालत राहिलं. मी आनंदाने अशी ओरडले, की धक्क्यावरचे सगळे बगळे उडाले.

"मेलं का?" अतांनी घाबरून विचारलं.

"अर्धं मेलंय, अता! खालचा भाऊ नुसता बसून खातोय. सगळं काम वरचा एकटा करतोय."

"म्हणजे तीस नाही, पंधराच घोडे," अता हळूच म्हणाले. "बिचारे."

प्लग काढून बघितला, ठिणगी छान पडत होती. मग प्लगच्या भोकावर अंगठा दाबून धरला आणि अतांना दोरी ओढायला लावली. वरच्या सिलिंडरने माझा अंगठा फट्‌कन उडवला. खालच्याने नुसतं फुंकल्यासारखं केलं. हवा दाबलीच जात नव्हती, कुठून तरी निसटत होती. हेडखालची, म्हणजे सिलिंडरच्या झाकणाखालची, पातळ गॅस्केट जळली असणार, असं मी छाती ठोकून सांगितलं. आतून जाम घाबरले होते, कारण सिलिंडरलाच चरे पडले असते तर सगळं संपलं होतं.

शुक्रवारी अता ओराझ आगांकडे जादाची गॅस्केट मागायला गेले आणि मी अंगणात हेड उघडलं. खालच्या सिलिंडरपासून पाण्याच्या वाटेपर्यंत गॅस्केटवर काळी जळकी रेघ! सिलिंडरच्या आतून नख फिरवलं. गुळगुळीत. मी तिथेच एक गिरकी घेतली. पण पाण्याच्या वाटा बघून थांबले. करंगळी जाईल एवढ्या वाटेत काडी जाईना. आत सगळं पांढरं, दगडासारखं टणक.

अझे, म्हणजे माझी आजी, दूध घातलेला चहा घेऊन आली आणि वाकून बघत म्हणाली, "अगंबाई, हा तर माझा समोवार!"

"काय?"

"समोवारात पाणी उकळून तसंच सोडलं आणि धुतलं नाही की तळाला हेच बसतं. व्हिनेगर देऊ?"

मी झुलीकडे बघितलं. रोज संध्याकाळी गरम इंजिन बाहेर काढायचं आणि वर उबदार पांघरूण. आतलं खारं पाणी हळूहळू सुकणार आणि मीठ तिथेच राहणार. दोन वर्षं! करागेरला ताप आणला होता तो अतांच्या मायेने.

"अझे, हे त्यांना तू सांग ना."

"मी? सत्तेचाळीस वर्षांत मी त्यांची चूक एकदाच काढली, लग्नाच्या दिवशी. अजून ऐकतेय."

अता गॅस्केट घेऊन आले तेव्हा मी वाटा कोरून, व्हिनेगरने धुऊन लख्ख केल्या होत्या आणि खिडकीच्या काचेवर घासकागद ठेवून हेड सपाट घासत होते. मोठ्यांना तोंडावर चूक सांगायची नाही, हे आमच्याकडे चालायला लागायच्या आधी शिकवतात. पण न सांगावं तर पुढच्या जूनमध्ये पुन्हा हेच. मी पांढऱ्या खपल्यांची वाटी त्यांच्यापुढे ठेवली.

"हे आतून निघालं, अता. मीठ आणि क्षार. रोज सुकून साठलेलं. झुलीखाली."

अतांनी एक खपली उचलून जिभेला लावली. झुलीकडे बघितलं. मग म्हणाले, "म्हणजे मी केलं."

मी घाईघाईने म्हणाले, "तुम्ही घोड्यासारखं सांभाळलंत, अता, अगदी बरोबर सांभाळलंत. पण हा घोडा नाहीच. दिवसभर खारटाण तुडवून येतो, ओझं ओढतो, कुरकुर करतो. हा उंट आहे. उंट घरी आला की तुम्ही काय करता?"

"हौदावर नेतो," अता म्हणाले. "पोटभर पिऊ देतो." मग भुवई उंचावून म्हणाले, "पण उंट थुंकतो."

"हा नाही का थुंकत, बाजूने?"

अता खो खो हसायला लागले. आत अझेनेही हसून घेतलं, भांडी वाजवल्यासारखं करून. मग आम्ही हेड बसवलं. बोल्ट एकदम आवळायचे नाहीत, मधून बाहेर, थोडे थोडे, तीन फेऱ्यांत, हे मी सांगितलं. "मेजवानीत मटण वाढतात तसं," अता म्हणाले. "आधी सगळ्यांना थोडं, मग पुन्हा सगळ्यांना." आणि खरंच त्यांच्या हाताने माझ्यापेक्षा छान आवळले.

शनिवारी अर्धा गाव धक्क्यावर. ओराझ आगांच्या हातात घड्याळ. अतांनी मला बोटीत पुढे बसवलं आणि मूठ पिळली. एक क्षण काहीच झालं नाही, आणि मग नाक उठलं! असं उठलं, की मला फक्त आकाश दिसलं. बाजूने धार कशी, जाड आणि जोरदार! मी ओरडत होते, अता त्या जुन्या शर्यतीत ओरडले असतील तसे ओरडत होते. खांबाजवळ त्यांनी मुद्दाम इतकं करकचून वळवलं, की मी नखशिखांत भिजले.

"बारा मिनिटं," ओराझ आगा म्हणाले. घड्याळ कानाला लावून बघितलं आणि पुन्हा म्हणाले, "बारा. अक्सकाल, सोमवारी पहाटे पाचला या."

"साडेचारला येतो. तू ऊठ म्हणजे झालं."

अतांनी इंजिन उचललं आणि सवयीने हात झुलीकडे गेला. हात तिथेच थांबला. मग त्यांनी ओराझ आगांच्या पिपाकडे गाडी वळवली.

"अरे!" ओराझ आगा डोळे मोठे करून म्हणाले. "तापलेल्या जनावराला पाणी?"

"उंट आहे हा," अता पिपात गोडं पाणी ओतत म्हणाले. "एवढी वर्षं मासे मारतोस, तुला घोडा आणि उंट ओळखता येत नाही?"

करागेर पिपात बुडबुडे काढत पाणी पीत होता. मी वाऱ्यात कुडकुडत उभी होते. अता झूल घेऊन आले आणि त्यांनी ती माझ्या खांद्यांवर पांघरली, मानेशी नीट खोचून, अगदी घोड्याला खोचतात तशी. तिला मासळीचा आणि पेट्रोलचा वास येत होता.

"तुला मात्र लगेच पाणी मिळणार नाही," ते म्हणाले. "आधी घाम सुकू दे."