हमिंग वरून येतंय

त्यांना सगळे कानसेन म्हणायचे. लोक थट्टेनं म्हणायचे. त्यांना ती पदवी वाटायची. विमा कंपनीत ते दाव्यांची छाननी करत, म्हणजे दिवसभर लोकांच्या सांगण्यातली खोट शोधत. संध्याकाळी घरी आले की तेच काम आवाजांवर चालू व्हायचं. लिफ्टची घंटा त्यांना बेसूर वाटे, समोरच्यांचा टीव्ही नाकात बोले, आणि बायको बहिणीशी फोनवर बोलू लागली की आतून हाक यायची, "तुझा मिडरेंज जरा कमी कर गं!"

बायकोला इमारतीत सगळे काकू म्हणत. मिडरेंज म्हणजे काय हे काकूंनी कधी विचारलं नाही. कानसेनांना काही विचारलं की ते सांगत बसत, आणि गॅसवरचं करपत असे.

बैठकीच्या खोलीत आता बैठक उरली नव्हती. सोफा आवाज खातो म्हणून तो दिरांच्या घरी गेला. पडदे जाड झाले. भिंतीला उंच कपाटांसारखे दोन स्पीकर, मध्ये ॲम्प्लिफायर, कोपऱ्यात सबवूफरचा काळा डबा आणि बरोबर समोर एक खुर्ची. ती कानसेनांची. काकूंसाठी मागे एक स्टूल होतं, कारण "मागेही बरंच ऐकू येतं." रविवारी कानसेनांचे दोन मित्र ऐकायला येत तेव्हा फ्रिजसुद्धा बंद व्हायचा. त्याची घरघर मैफलीत येते म्हणे. नासलेलं दूध काकू सोमवारी ओतून देत.

अशा या घरात एके दिवशी हमिंग सुरू झालं. गाणं थांबलं तरी सबवूफर आपला "हंऽऽऽ" करत बसलेला. फार मोठा आवाज नव्हता, पण एकदा कानाला लागला की सुटेना.

कानसेनांनी डोळे मिटले, मान तिरकी केली आणि बोट वर, छताकडे केलं. "वरून येतंय."

वरच्या मजल्यावर टेलरबाई राहायची. नवरा वारलेला, घरातच दोन शिलाई मशिनी, शाळांचे गणवेश आणि लोकांचे पडदे शिवायची. तिच्या मशिनला मोटर होती, एवढा पुरावा कानसेनांना पुरला. ते तडक वर गेले. काकू मागून जिन्यापर्यंत गेल्या आणि तिथंच थांबल्या.

"तुमची मोटर लाइनमध्ये घाण सोडते," कानसेन म्हणाले.

"मी तर आत्ता भाजी निवडतेय," टेलरबाई म्हणाली. "मशीन बंदच आहे."

"बंद असली तरी घाण लाइनमध्ये राहते!"

टेलरबाईला विजेतलं फार कळत नव्हतं आणि भांडणाची हौस नव्हती. संध्याकाळी मशीन चालवणार नाही, असं ती कबूल झाली. कानसेन विजयी मुद्रेनं खाली आले. हमिंग त्यांच्या स्वागताला हजरच होतं.

मग उपाय सुरू झाले. बोटाएवढ्या जाड वायरी आल्या. त्या जमिनीला टेकू नयेत म्हणून त्यांच्याखाली लाकडी ठोकळे आले. झाडताना काकूंना वायरी ओलांडून उड्या माराव्या लागत. एका उडीत ठोकळा पडला तर कानसेन म्हणाले, "आता ऐक, आवाज कसा बसला तो!" आवाज जसा होता तसाच होता. मित्रांनी मात्र माना डोलावल्या. पहिला म्हणाला, हमिंग आता जास्त स्वच्छ येतंय.

शेवटी कानसेनांनी स्वतः सबवूफर उघडायचं ठरवलं. वर्तमानपत्र अंथरलं, पेचकस घेतला, समोरची जाळी काढली. मधल्या काळ्या टोपीवर धूळ दिसली म्हणून बोटानं पुसायला गेले, आणि टोपी फुटलेल्या चेंडूसारखी आत गेली. काकू स्वयंपाकघरातून बघत होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला.

"काही झालं नाही," कानसेन म्हणाले. "व्हॅक्यूम क्लीनर आण."

टोपी ओढून बाहेर काढण्यासाठी त्यांनी व्हॅक्यूमची नळी लावली आणि बटण दाबलं. टोपी बाहेर आली ती सगळीच आली. पाठोपाठ स्पीकरच्या कागदी कोनच्या कडेचा फोम, जो वयानं आधीच कुजला होता, भाकरीच्या चुऱ्यासारखा नळीत गेला. कानसेनांनी उरलेलं चपलेच्या गोंदानं चिकटवलं. तो गोंद दगडासारखा वाळला. आता सबवूफर हंऽऽ तर करायचाच, शिवाय प्रत्येक ठोक्याला खरखरायचा. कुणी पत्र्यावरून खुर्ची ओढावी तसा.

काकूंनी दोन दिवस वाट पाहिली आणि मग जे नाव घरात घ्यायचं नव्हतं ते घेतलं. "मी भाऊजींना बोलावते."

भाऊजी म्हणजे काकूंच्या थोरल्या बहिणीचे यजमान. स्पीकर दुरुस्तीचं दुकान होतं त्यांचं, सभांना कर्णे भाड्यानं देत. गावभर त्यांना भोंगा म्हणत, आणि ते नाव कर्ण्यांवरून पडलं की त्यांच्या बोलण्यावरून, याबद्दल दुमत होतं. भाऊजींच्या नव्या घरी जेवायला गेले असताना कानसेनांनी त्यांची सिस्टिम ऐकून भर पंगतीत विचारलं होतं, "याचा आवाज असाच आहे, की बिघडलाय?" तेव्हापासून दोन साडू एकमेकांशी बोलत नव्हते.

भाऊजी आले ते बोलतच आले. "कुठाय पेशंट? आणा. मी एकदा भर सभेत, वक्ता बोलत असताना, कर्णा बदललाय. वक्त्याला पत्ता नाही! काय साडूभाऊ, बुफर बसला वाटतं?"

"सबवूफर," कानसेन भिंतीकडे बघत म्हणाले.

"तेच. बुफर."

भाऊजींनी गोंद खरवडला, जुनी कडा काढली, नवी रबरी कडा बसवली. मधल्या फटीत कागदाच्या पट्ट्या सरकवून कोन बरोबर मध्ये आणला. हात खरोखर चांगला होता, पण तोंडाला विश्रांती नव्हती. चिकटवलेलं वाळेपर्यंत त्यांनी तीन वेळा चहा घेतला आणि आपण वाचवलेल्या सभांची हकीकत सांगितली. मग पट्ट्या ओढून काढल्या, नवी टोपी चिकटवली, डबा बंद केला आणि सुरू केला. खरखर गेली. हंऽऽ मात्र होताच.

"वरून येतंय," कानसेन घाईनं म्हणाले.

"बघू की." भाऊजी ॲम्प्लिफायरच्या मागे वाकले आणि एकेक वायर उपटू लागले. पहिली काढली, हंऽऽ. दुसरी काढली, हंऽऽ. तिसरी काढली आणि खोली एकदम गप्प झाली. काकूंना वाटलं, आपले कान बंद झाले की काय.

भाऊजींनी ती वायर उंच धरली. "ही टीव्हीची. केबल बाहेरून येते, तिचं अर्थिंग वेगळं. तुमच्या ॲम्प्लिफायरचं वेगळं. दोघांची गाठ पडली की बुफर असा कण्हतो. कुणी जोडली ही?"

उत्तर सगळ्यांना माहीत होतं. बातम्या सांगणाऱ्याचा आवाज छातीत जाणवावा म्हणून कानसेनांनीच ती वायर महिन्याभरापूर्वी जोडली होती.

काकूंच्या मनात एकदम वरची खोली आली. संध्याकाळी दिवे लावून, मशीन झाकून बसलेली टेलरबाई. त्या काही बोलणार एवढ्यात भाऊजी ओरडले, "अरे, हे काय! डावा स्पीकर उलटा जोडलाय! लाल ते काळ्याला!" त्यांनी टॉर्चमधला सेल काढून वायरीला टेकवला. उजव्या स्पीकरचा कोन पुढे आला, डाव्याचा मागे गेला. "एक ढकलतो, दुसरा ओढतो. जाड वायरी घातल्यापासून असंच ऐकताय? आणि कानसेन म्हणवता?"

कानसेनांचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. याच मांडणीला रविवारी मित्र म्हणाले होते, गायिका अगदी खोलीत येऊन उभी राहते. आता ती नक्की कुठं उभी होती, हा प्रश्नच होता.

भाऊजींनी वायरी सरळ केल्या. तिथंच थांबले असते तर बरं होतं. पण जिंकलेला माणूस आणि आवाजाचं बटण! "आता ऐका भोंगेवाल्याचा आवाज," म्हणत त्यांनी बटण फिरवलं, अजून फिरवलं, पार शेवटपर्यंत. खिडक्या थरथरल्या. मग ॲम्प्लिफायरमधून "फट्" असा आवाज झाला आणि त्याच्या जाळीतून धुराची बारीक रेघ वर आली.

काकूंनी प्लग ओढला. जळकट वास सुटला होता. मागे लोंबणारा तांब्याचा एक केस त्यांनासुद्धा दिसला. जाड वायरीतला एक धागा नीट पिळला गेला नव्हता आणि लालवरून काळ्याला टेकला होता. वायर सोलली होती कानसेनांनी, आवळली होती भाऊजींनी. दोघांनी तो धागा पाहिला. मग एकमेकांकडे पाहिलं. त्या क्षणी वर टेलरबाईच्या मशिनचा "टरर्" आवाज आला. दुपारची वेळ होती, ती कामाला लागली होती.

दोन्ही साडूंचे डोळे एकदमच वर गेले.

"व्होल्टेज उसळलं," भाऊजी म्हणाले.

"मी पहिल्यापासून सांगतोय," कानसेन म्हणाले.

"शक्यता आहे. मोटरचा धक्का. मी पाहिलंय असं."

"तुम्ही यातले जाणकार," कानसेन म्हणाले. इतक्या वर्षांत साडूला दिलेला तो पहिलाच मान. भाऊजी विरघळले. दोघं एकाच ताटलीतली बिस्किटं खाऊ लागले, आणि काकू जळकट वासात उभ्या राहून त्या मनोमीलनाकडे बघत राहिल्या.

"अहो, तो धागा..." त्यांनी सुरुवात केली.

"तुला यातलं कळत नाही," दोघं एकदम म्हणाले.

रविवारी सकाळी इमारतीची बैठक खालच्या मोकळ्या जागेत भरली. कानसेनांनी सेक्रेटरींना आधीच गाठलं होतं. त्यांची मागणी साधी होती: राहत्या घरात मोटरच्या मशिनी बंद. ते सफाईनं बोलले, दावा नाकारताना बोलत तसे. मग त्यांनी तज्ज्ञ म्हणून भाऊजींना उभं केलं. भाऊजी कर्ण्याची सवय असलेले. त्यांचं बोलणं शेजारच्या इमारतीतही पोचलं. लाइन, धक्का, उसळी. लोकांना काही कळलं नाही, म्हणून खरंच वाटलं. दोन्ही मित्र माना डोलावत होते.

टेलरबाई कडेला उभी होती. सेक्रेटरी तिला म्हणाले, "बाई, तुम्हाला काही म्हणायचंय?"

"मी काय म्हणणार?" ती म्हणाली. "मला त्यातलं कळत नाही."

हे वाक्य काकूंच्या कानात नेमकं जाऊन बसलं. त्यांना भीती वाटत होती. घरी गेल्यावर काय होईल हे त्यांना पाठ होतं. तरी त्या उभ्या राहिल्या.

"मलाही कळत नाही," काकू म्हणाल्या. "पण दिसतं. हमिंग टीव्हीच्या वायरीमुळं होतं. ती काढली आणि थांबलं, भाऊजींनीच काढली. वर मशीन बंद असतानाही ते येतच होतं. ॲम्प्लिफायर जळला तेव्हा वायरीचा धागा निघालेला होता. तो अजून तसाच आहे, या बघायला. आणि आवाज पार शेवटपर्यंत यांनी वाढवला होता." त्यांनी भाऊजींकडे बोट केलं.

"मी?" भाऊजी म्हणाले. "वायर सोलली कुणी?"

"आवळली कुणी?" कानसेन उसळले.

"तुमच्यासारख्यानं सोलल्यावर कोण आवळणार! लाल ते काळ्याला जोडणारा माणूस! इतके दिवस उलटं ऐकलंत!"

"भोंगा तो भोंगाच!"

लोक आधी दबून हसले, मग उघड हसू लागले. पहिल्या मित्रानं दुसऱ्याला विचारलं, "म्हणजे गायिका कुठं उभी होती?" सेक्रेटरींनी डोळे पुसत मागणी बाजूला ठेवली आणि बैठक संपवली. साडूंचं भांडण मात्र फाटकापर्यंत चाललं.

काकू पायऱ्या चढून थेट टेलरबाईकडे गेल्या. आपलं कौतुक होईल असं थोडंसं मनात होतं, नाही असं नाही.

टेलरबाई कापड मोजत होती. तिनं वर पाहिलं. "ताई, बरं केलंत," ती म्हणाली. मग थांबली. "पण त्या दिवशी जिन्यात होतात ना तुम्ही? तेव्हाच बोलला असतात तर. संध्याकाळची मशीन बंद ठेवली आणि मोठ्या शाळेचं काम दुसरीकडे गेलं. आता हे एवढंच राहिलंय, आणि तेही उद्या द्यायचंय."

मशीन बंद असल्याचं काकूंना तेव्हाच ऐकू आलं होतं. घरात कटकट नको, एवढंच त्यांनी पाहिलं होतं. त्यांचा चेहरा कानशिलापर्यंत गरम झाला. त्या गणवेशाच्या ढिगाजवळ खाली बसल्या.

"बटणं लावायची आहेत का?"

"आहेत की. पुष्कळ."

"सुई द्या."

टेलरबाईनं सुई दिली आणि मशीन सुरू केली. थोड्या वेळानं खालून कानसेनांची हाक आली. जेवायला काय आहे, असं ते विचारत होते, आणि आवाज बराच वर लागला होता.

"ताई, हाक मारतायत," टेलरबाई म्हणाली.

"ऐकलं मी," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी पुढचा शर्ट ओढला.